निवेदनावरची सही

पत्र, थोडं कापून :

वकीलबाई, नमस्कार. साखर पेठेत माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांची हँडबिलं. आमच्या गणेश मंडळाचं यंदा पन्नासावं वर्ष, म्हणून स्मरणिका मी फुकट छापून दिली. माझी मुलगी बावीस वर्षांची, एम.ए. मराठी करते. तिची एक कविता त्यात घेतली. विड्या वळणारी म्हातारी देवाशी भांडते, अशी. शेवटच्या दोन ओळी : ‘देवा, तू दगडाचा आहेस तेच बरं, माणसाचा असतास तर लाजेनं मेला असतास.’ प्रूफ कार्यकारिणीनं पाहिलं होतं, कोणी काही बोललं नाही. आता त्या दोनच ओळींचा फोटो कोणीतरी गावभर फिरवलाय. पोरं दुकानावर येऊन गेली. ज्याच्या बारशाची पत्रिका मी छापली होती तो मला म्हणाला, ‘देवाची चेष्टा करूलालास काय बे?’ मुलीनं मंडपात उभं राहून व्हिडिओवर माफी मागायची, नाहीतर धर्माचा अपमान केला म्हणून गुन्हा दाखल करू, असं म्हणतात. मुलगी माफी मागत नाही. बायको रडते. आणखी एक सांगतो, ते सांगितल्याशिवाय झोप येणार नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या धर्माच्या एका पोरानं आपल्या देवाबद्दल वाईट स्टेटस ठेवलं म्हणून मंडळांनी पोलिसांना निवेदन दिलं, अटक करा म्हणून. ते माझ्याच दुकानात टाइप झालं आणि त्यावर अकरावी सही माझी. ते स्टेटस मी पाहिलं नव्हतं. पोरगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, नंतर दिसला नाही. आता मी काय करू? आणि तुम्ही कायदा शिकलेल्या, देवाधर्माची निंदा कायद्यानं बंद असावी की मोकळी?

— एक मुद्रक

अण्णा,

पत्राखाली नाव नाही, म्हणून अण्णा म्हणते. सोलापुरात अनोळखी माणसाला दुसरं काय म्हणणार.

आधी घाईचं. माफीचा व्हिडिओ होऊ द्यायचा नाही. कविता मुलीची आहे, ती सज्ञान आहे, माफी मागायची की नाही ते ती ठरवेल. पण वकील म्हणून माझ्याकडून तिला एवढं सांगा की ‘मी धर्माचा अपमान केला’ असं एकदा कॅमेऱ्यासमोर म्हटलं की ती कबुली होते, आणि उद्या तीच कबुली कोर्टात तिच्यासमोर ठेवली जाऊ शकते. मंडळातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला खरंच लागलं असेल, तर त्यांना घरी बोलवा, चहा ठेवा, आणि मुलीला जे बोलायचं ते तिथं बोलू द्या. पंचवीस मोबाइल तोंडासमोर धरून मागवलेल्या माफीनं कोणाचं मन शांत झालेलं मी पाहिलेलं नाही. तो व्हिडिओ पुढच्या निवडणुकीपर्यंत फिरत राहतो.

स्मरणिकेच्या आठ-दहा प्रती आणि कार्यकारिणीनं ‘ओके’ लिहून दिलेलं प्रूफ दुकानात ठेवू नका, घरी न्या. धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढा, नंबर आणि वेळ दिसेल असे. दुकानावर कोण, कधी, किती जण आले ते एका वहीत लिहा. महिन्यानं कोणालाच नीट आठवत नाही. आणि त्यांच्या आधी तुम्हीच पोलीस ठाण्यात जाऊन धमकीचा लेखी अर्ज द्या, पोच घेऊन या. छापखानावाल्यांना कागदाची किंमत मी सांगायला नको.

आता ते कलम. जुन्या दंडसंहितेतलं २९५-अ. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत २९९ झालं. ३ वर्षांपर्यंत शिक्षा आणि अजामीनपात्र, म्हणून नुसत्या आकड्यानं माणसाला घाम फुटतो. पण कलम पूर्ण वाचलं तर त्यात भावना दुखावल्या एवढंच पुरत नाही. अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेला असावा लागतो, आणि हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. महेंद्रसिंग धोनीला एका मासिकाच्या मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवलं होतं, त्यावरून त्याच्यावर खटला भरला गेला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. नकळत, निष्काळजीपणानं किंवा दुष्ट हेतू नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असं तिथं स्पष्ट म्हटलं आहे. विड्या वळणाऱ्या बाईच्या तोंडी घातलेल्या दोन ओळींत दुष्ट हेतू शोधायचा तर सरकारी वकिलाला बरीच मेहनत पडेल.

मार्च २०२५ मधला एक निकालही तुमच्या कामाचा आहे. एका खासदारावर कवितेवरून गुजरातमध्ये गुन्हा दाखल झाला होता, तो सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. अशा शब्दांच्या प्रकरणांत पोलिसांनी गुन्हा नोंदवण्याआधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७३(३) खाली १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करून घ्यावी, असं न्यायालयानं सांगितलं. आणि एक माप दिलं : शब्दांचा परिणाम जोखताना धीराच्या, खंबीर माणसाच्या नजरेनं पाहायचं, ज्याला प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो त्याच्या नजरेनं नाही. हे माप मूळचं आपल्या नागपूरचं. १९४६ साली तिथल्या न्यायमूर्ती विवियन बोस यांनी ते लिहिलं होतं. ठाण्यात जाताना या निकालाची प्रत बरोबर न्या. उपनिरीक्षकानं ती वाचलेली असेलच असं नाही.

नोटीस आली तर टाळू नका, वकील घेऊन हजर राहा. अटकेची चाहूल लागली तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज. आणि पुढं आरोपपत्र आलंच, तरी शासनाची मंजुरी असल्याशिवाय न्यायालयाला या कलमाखालच्या खटल्याची दखल घेता येत नाही. हेही लक्षात असू द्या की छापणारे तुम्ही आहात. तक्रारीत मुलीबरोबर तुमचंही नाव येऊ शकतं.

किंबहुना हे कलम जन्मालाच आलं ते कागद बाजारात आणणाऱ्या माणसावरून. लाहोरात १९२४ मध्ये प्रेषित महंमदांच्या खासगी आयुष्यावर एक घाणेरडी पुस्तिका निघाली. लेखकाचं नाव बाहेर आलं नाही, खटला उभा राहिला प्रकाशकावर. मे १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयानं त्याला सोडलं, कारण तेव्हाच्या कलमांत तो गुन्हा बसत नव्हता. गदारोळ झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारनं नवीन कलम आणलं, तेच हे. तेव्हा कायदेमंडळात जिनांनी बजावलं होतं की इतिहास लिहिणाऱ्याला आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्याला यातून संरक्षण मिळालं पाहिजे. कलम आल्यानंतर दीड वर्षात, एप्रिल १९२९ मध्ये, त्या प्रकाशकाचा त्याच्याच शहरात भोसकून खून झाला. कायदा आला म्हणून ज्यांच्या मनात राग होता त्यांचा राग गेला नाही.

फाळणीनंतर हेच कलम पाकिस्तानच्या वाट्यालाही गेलं. तिथं १९८२ मध्ये २९५-ब आणि १९८६ मध्ये २९५-क जोडलं गेलं, आणि शिक्षा फाशीपर्यंत पोहोचली. पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांनी त्या कायद्यावर टीका केली आणि त्यात अडकलेल्या एका ख्रिस्ती बाईची बाजू घेतली. ४ जानेवारी २०११ ला त्यांच्याच अंगरक्षकानं त्यांना गोळ्या घातल्या. ती बाई पुढं २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटली. आणि ज्या इंग्रजांनी आपल्याला हे कलम दिलं, त्यांनी त्यांच्याकडचा ईशनिंदेचा गुन्हा २००८ मध्ये काढून टाकला.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर मोकळी असावी. देवाची, धर्माची, ग्रंथाची, संताची, कोणत्याही धर्माच्या, निंदा करणारा माणूस उद्धट असेल, मूर्ख असेल, त्याला घरात घेऊ नये असा असेल. तुरुंगात घालावा असा मला वाटत नाही. हे लिहिताना मला काही वाटत नाही असं मात्र समजू नका. माझ्या माहेरी सिद्धेश्वराची भक्ती. संक्रांतीला नंदीध्वज निघाले की आजही माझ्या डोळ्यांत पाणी येतं. एका सभेत एकानं त्या काठ्यांची टवाळी केली, तेव्हा मी उठून बाहेर गेले होते, आणि बाहेर रिक्षात बसून त्याला काय काय बोलायचं होतं ते मनात जुळवत घरी आले होते. राग खरा असतो. प्रश्न एवढाच की त्या रागाचं ओझं मी पोलिसावर टाकायचं का.

आमची आजी एक गोष्ट सांगायची, कन्नडमधून. सिद्धराम, म्हणजे आपले सिद्धेश्वर, सोन्नलगीत, म्हणजे आपल्याच गावात, तळं खणून घेत होते. कल्याणहून, म्हणजे कर्नाटकातल्या बसवकल्याणहून, अल्लमप्रभू हे शिवशरण संत आले आणि तळ्यावरच्या मजुरांना त्यांनी विचारलं, तो दगड-माती उपसणारा सिद्धराम कुठाय? मजूर भडकले. आमच्या गुरूला असं बोलतो म्हणून त्यांनी दगड मारायला सुरुवात केली. दगड लागेनात, नुसते बाजूला ढीग होऊन पडले. मग सिद्धराम स्वतः रागानं आले. मग दोघांचं बोलणं झालं, लांबलचक, आणि शेवटी सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला गेले. दगडाच्या ढिगापर्यंत आजी रंगवून सांगायची, पुढचा वाद तिला कंटाळवाणा वाटायचा. मला आता तो वादच महत्त्वाचा वाटतो. पाहुण्यानं येऊन अपमान केला, आणि ज्याचा केला तो त्याच्याशी बोलत बसला.

पंढरपूर तर आपल्याच जिल्ह्यात. जनाबाई अंगणात उभी राहून म्हणते, ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’, आणि त्याच अभंगात पुढं ‘तुला पाहून काळ रडे’. मधली एक ओळ मी इथं देत नाही, संपादक कापतील. तुकोबा म्हणतात, ‘माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल.’ ही ओळ आज कोणी नाव न घालता स्टेटसला ठेवली तर तुमच्या दुकानावर आलेली पोरं काय म्हणतील? तुमच्या मुलीचा देव तर अजून जिवंत आहे, नुसता दगडाचा आहे. (मंडळाचा गणपती शाडूचा नाहीतर प्लास्टरचा असतो, एवढी एक चूक मी परीक्षक असते तर काढली असती.)

यावर तुम्ही म्हणाल, संतांची गोष्ट वेगळी, ते भक्तीतून बोलले, घरचं माणूस घरच्यावर रागावतं. मान्य. पण मग कायद्यानं काय करायचं? बोलणाऱ्याची भक्ती मोजायची? मुलीची कविता भक्तीतली म्हणून सोडायची आणि मोबाइलच्या दुकानातल्या पोराचं स्टेटस परक्याचं म्हणून उचलायचं? आणि जे भक्त नव्हतेच त्यांचं काय? ज्या वर्षी सप्टेंबरात हे कलम आलं, त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला बाबासाहेबांच्या सत्याग्रहात मनुस्मृती जाळली गेली. तिथं कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत असं कोणी म्हणेल का? दुखावल्याच. तो दिवस गुन्हा ठरवून पुसून टाकणारा कायदा मला नको. भावना दुखावणं हे माप घेतलं की ज्यांच्या भावनांना गावात वजन आहे त्यांच्याच भावना मोजल्या जातात. विड्या वळणाऱ्या बाईच्या भावना कुठल्या तक्रारीत आल्यात?

आता दुसरी बाजू, आणि ती सोलापूरकरांना मी सांगायची गरज नाही. ऑक्टोबर २००२ आठवा. तुमचा छापखाना तेव्हाही असेल. अमेरिकेत जेरी फॉल्वेल नावाचा एक ख्रिस्ती धर्मोपदेशक तिथल्या दूरचित्रवाणीवर प्रेषित महंमदांबद्दल वाईट बोलला. आपल्याकडे त्याचं नाव त्याआधी कोणाच्या कानावर नसेल. निषेधाचा बंद झाला, बंदची दंगल झाली, संचारबंदी लागली, माणसं मेली. यंत्रमाग बंद, म्हणजे रोजावर जगणाऱ्यांच्या चुली बंद. थोड्याच दिवसांत तिकडं फॉल्वेलनं माफी मागितली. इकडं गेलेली माणसं गेलीच.

शब्दानं आग लागते म्हणून शब्द बंद करा असं जो म्हणतो, त्याला मी ही आठवण देते. आपल्या कुठल्या कलमानं त्या माणसाचं तोंड धरता आलं असतं? तो जिथं बसला होता तिथं त्याचं बोलणं राज्यघटनेनंच संरक्षित होतं. आपल्याकडे २९५-अ तेव्हा पंच्याहत्तर वर्षांचं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. दगड उचलणारा हात इथला, काडी ओढणारा इथला, आणि त्यासाठी दंगलीची, जाळपोळीची, खुनाची कलमं शंभर वर्षांहून जास्त काळ पुस्तकात होती. ती नीट लावली असती तर पुरे होतं. अशा खटल्यांत साक्षीदार कसे गळतात ते मी इथल्या कोर्टात बसून पाहिलं आहे.

१९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २९५-अ घटनेला धरून आहे असं ठरवलं, ते सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारावर. घटनेत बोलण्याच्या स्वातंत्र्यावर जे निर्बंध चालतात, त्यांच्या यादीत धार्मिक भावना हा शब्द नाहीच. सुव्यवस्था आहे. कागदावर हे समंजस वाटतं. चौकात त्याचा अर्थ फार वेगळा होतो : ज्याला कलम लावून घ्यायचं आहे त्यानं सुव्यवस्था धोक्यात आहे असं दाखवायचं, आणि ते दाखवायला माणसं जमवावी लागतात. दहा जण गेले तर ठाण्यात बसवून ठेवतात, पाचशे गेले तर गुन्हा नोंदवून घेतात. तुमच्या निवेदनावर किती सह्या होत्या?

म्हणजे सगळंच मोकळं सोडा असं नाही. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एका हँडबिलाचं प्रकरण आलं होतं. त्यात देवाबद्दल एक शब्द नव्हता. अमुक वस्तीतल्या बायका कशा असतात आणि सणाच्या दिवशी त्यांच्या गल्लीत जाऊन काय करावं, असं छापलं होतं. ते छापणाऱ्याला मी कुठलीही सूट देणार नाही, तेव्हाही दिली नव्हती. माणसांच्या विरुद्ध माणसांना चिथावणं हा गुन्हाच, त्याला आज न्याय संहितेत कलम १९६ आहे. मिरवणूक दुसऱ्याच्या दारात थांबवून त्याला शिवीगाळ करणारं गाणं कर्ण्यावर लावणं हेही मी त्याच खात्यात टाकते. देव, ग्रंथ, रूढी यांवर कोणी काही बोललं तर ते सहन करायचं. शेजाऱ्यावर बोट दाखवून ‘याला हाकला’ म्हटलं की तिथं पोलीस. मधे काही प्रकरणं अवघड येतात, माणसाला शिवी द्यायची म्हणून त्याच्या देवाला देतात, हे मला ठाऊक आहे. ती एकेक करून कोर्टात तपासावी लागतात, आणि तपासताना तो माणूस तुरुंगाबाहेर असावा.

आता अकरावी सही. तुम्ही ते शेवटी लिहिलंत, पण पत्र त्यासाठीच लिहिलंत असं मला वाटतं.

कायद्याच्या दृष्टीनं तुमच्या सहीला फारशी किंमत नाही. निवेदनावर सही केली म्हणजे तुम्ही फिर्यादी होत नाही, आणि ती मागं घेतली म्हणून खटला थांबत नाही. हा गुन्हा आपसात मिटवता येणारा नाही. पण फिर्यादी कोण आहे ते तुम्हाला ठाऊक असणार, मंडळांतलंच कोणीतरी, तुमच्याकडेच पावतीपुस्तकं छापणारं. तो तयार असेल तर मुलाला उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो, आणि फिर्यादीनं ‘हरकत नाही’ म्हणून प्रतिज्ञापत्र दिलं तर त्याचा उपयोग होतो. म्हणजे एका माणसाकडे जाऊन बोलायचं काम तुमच्याकडे आहे. तो तुम्हाला आत्ता, मुलीच्या प्रकरणात, ऐकून घेणार नाही असं वाटेल. कदाचित घेणार नाही. तरी जा.

आणि त्या आधी पोराला शोधा. दुकानाच्या मालकाला विचारा, त्याला ठाऊक असतं. गुन्हा दाखल झाला का, जामीन मिळाला का, आरोपपत्र आलं का, तो कुठं काम करतो. भेटलाच तर ‘तुझी चूक होती पण’ अशी सुरुवात करू नका. ते स्टेटस तुम्ही पाहिलं नव्हतं, न पाहता सही केली, एवढं सांगा. तो तुम्हाला दारातून परत पाठवेल, किंवा त्याची आई चार शब्द ऐकवेल. ऐकून घ्या. मुलीला बरोबर नेऊ नका, तिच्या अडचणीसाठी तुम्ही आलात असं त्यांना वाटेल, आणि थोडंसं ते खरंही असेल. वकिलाचा खर्च त्याला झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टाच्या आवारात आहे. तिथं कोणाला भेटायचं ते मी फोनवर सांगेन, इथं लिहीत नाही.

निवेदनाची फाइल तुमच्या संगणकात अजून असेल. पुसू नका. ती उघडून एकदा पूर्ण वाचा, आणि त्यातलं कोणतं वाक्य उद्या तुमच्या मुलीविरुद्धच्या तक्रारीत जसंच्या तसं येईल ते बघा. मला वाटतं नावं बदलली की बरीचशी येतील.

मुलीला सांगा, मला फक्त त्या दोन ओळी माहीत आहेत. स्मरणिकेची एक प्रत पाठवून द्या, पान न फाडलेली.